ओला म्हणजे भिजलेला नव्हे
कचऱ्याच्या परिभाषेतील नेहमीचे शब्द आणि त्यांचे खरे अर्थ

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. पुण्यातील आमच्या सोसायटीच्या मागील बाजूस, पाण्याच्या टाकीशेजारी, कंपोस्ट खताचे दोन हौद आहेत. त्यांतील एक हौद चार महिन्यांनी उपसायला घेतला, तेव्हा सफाईच्या ताईंच्या फावड्याला खताआधी पिशव्याच लागल्या. हिरव्या रंगाच्या, पानाचे चित्र छापलेल्या, थोड्या चुरगळलेल्या, पण बाकी धडधाकट. आतील भाजीपाल्याचा काळा, आंबूस वासाचा लगदा झाला होता आणि पिशवीची गाठ मात्र जशीच्या तशी होती. ताईंनी त्या पिशव्या एकेक करून हाताने फोडल्या. दोन दिवस हाच उद्योग चालला होता. पुढच्या रविवारी व्यवस्थापन समितीच्या बैठकीत चिटणीसांनी पिशव्यांचे रिकामे पाकीट टेबलावर ठेवले. ‘‘यावर कंपोस्टेबल असे स्वच्छ छापले आहे. आपली फसवणूक झाली आहे,’’ असे त्यांचे म्हणणे होते.

पाकीट खोटे बोलत नव्हते. त्यावरील शब्द एका विशिष्ट अर्थाने वापरलेला होता, तो अर्थ एका भारतीय मानकात नोंदलेला आहे, आणि आमच्या हौदाला तो लागू पडत नव्हता, इतकेच. कचऱ्याविषयी आपण रोज जे दहा-पंधरा शब्द वापरतो, त्यांतील बहुतेकांची अवस्था अशीच आहे. शब्द ओळखीचे आहेत, पण घरात त्यांचा एक अर्थ होतो, कचरा वर्गीकरणाच्या शेडमध्ये दुसरा आणि सरकारी नियमांत तिसरा. या तफावतीची किंमत ज्याने शब्द चुकीचा समजून घेतला त्याला सहसा मोजावी लागत नाही. ती फावडे हाती असलेल्याला मोजावी लागते.

‘ओला’ आणि ‘सुका’

घोटाळ्याचा आरंभ या दोन अगदी साध्या शब्दांपासून होतो. नियमांतील मूळ संज्ञा ‘जैवविघटनशील’ आणि ‘अविघटनशील’ अशा आहेत. घंटागाडीच्या भोंग्यावरून त्या पुकारणे अशक्यच. म्हणून ‘ओला कचरा, सुका कचरा’ रूढ झाले. शब्द सुटसुटीत झाले, पण त्यांत अर्थ निसटला. ओला या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे पाणी येते. त्यामुळे कांद्याची वाळलेली साल, भुईमुगाची टरफले, अंड्याची कवचे, हारातील सुकलेला झेंडू या वस्तू हाताला कोरड्या लागतात म्हणून सुक्याच्या डब्यात पडतात. उलट, तळाशी दही राहिलेला प्लास्टिकचा डबा, आमटी सांडलेली पार्सलची पिशवी, मटणाच्या दुकानातून आलेली काळी पिशवी हे सारे ओलसर असल्याने ओल्यात जाते.

खरा निकष पाण्याचा नसून उगमाचा आहे. जे झाडापासून अथवा प्राण्यापासून आले आणि मातीत थोड्या काळात कुजून जाईल, ते ओले, मग ते पापडासारखे वाळलेले का असेना. जे कुजत नाही, ते सुके, मग ते नखशिखान्त भिजलेले का असेना. अपवाद आहे तो कागदाचा. कागद झाडापासूनच येतो आणि कुजतोही. परंतु त्याला रद्दीत भाव आहे, त्याचा पुन्हा कागद होऊ शकतो, म्हणून तो सुक्यात. मात्र भाजीचा रस्सा पुसलेला कागदी रुमाल किंवा तेलाने माखलेला वडापावचा कागद रद्दीत कोणी घेत नाही. त्याची जागा ओल्यात आहे. नारळाची करवंटी नियमाने ओल्यातच मोडते, पण ती कुजायला इतका वेळ घेते की अनेक सोसायट्या ती वेगळी साठवतात आणि तेच योग्य वाटते.

हा भेद पुण्यासारख्या शहरात नुसता शिस्तीचा प्रश्न नाही. येथे ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून काम करते. तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. दारात येणाऱ्या ताईंना घरटी शुल्क मिळते आणि सुक्या कचऱ्यातून जे विकता येईल त्याचे उत्पन्नही त्यांचेच असते. पुठ्ठ्यावर डाळीचे पाणी सांडले की त्याचा भाव पडतो, कधी तो घेतलाच जात नाही. परिभाषेत याला ‘दूषित होणे’ म्हणतात. व्यवहारात त्याचा अर्थ, आपल्या स्वयंपाकघरातील एका निष्काळजी क्षणाने दुसऱ्याच्या रोजीतून काही रुपये कापले गेले. डबा घासूनपुसून लख्ख करण्याची गरज नाही. भांडी घासून झाल्यावर उरलेल्या पाण्यात तो एकदा विसळला तरी पुरते.

दुधाच्या पिशवीचा एक बारकावा येथेच सांगायला हवा. पिशवीचा कोपरा कापून अलग केला की तो बोटभर तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही. नाली, गटार आणि नदी असा त्याचा प्रवास ठरलेला. कोपरा पूर्ण न तोडता पिशवीला लटकता ठेवला तर पिशवीबरोबर तोही भंगारात जातो.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन वर्ग केले होते. २०२६ च्या नव्या नियमांत चार वर्ग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. चौथ्यात रंगाचे डबे, बल्ब, मुदत संपलेली औषधे, पाऱ्याचे तापमापक अशा वस्तू येतात. सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर यांना स्वतंत्र वर्ग मिळाला, ही गोष्ट उशिरा का होईना, घडली. पुण्यात कचरावेचकांनीच ‘रेड डॉट’ची टूम काढली होती. नॅपकिन वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे वर्गीकरण करणाऱ्या हाताला पुडके उघडून पाहावे लागत नाही.

एकाच शब्दाची दोन कामे

‘पुनर्वापर’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांनी, त्यांत आम्हीही आलो, फार सैल हाताने वापरला आहे. काचेच्या बरणीत लोणचे संपल्यावर डाळ भरली, तो पुनर्वापर. तीच बरणी फुटली, काच भट्टीत वितळवून नवी बाटली घडवली, त्यालाही आपण पुनर्वापरच म्हणतो. पहिल्यात वस्तू तीच राहते, खर्च जवळपास शून्य. दुसऱ्यात वस्तू मोडून तिचा कच्चा माल होतो. त्यासाठी गोळा करणे, निवडणे, धुणे, वाहून नेणे, वितळवणे एवढा खटाटोप लागतो. या दुसऱ्या क्रियेला ‘पुनर्चक्रीकरण’ असा शब्द आहे. तो जिभेला जड आहे हे मान्य, परंतु दोन्ही क्रिया एकाच नावाने ओळखल्या गेल्याने आपली एक सोयीची समजूत झाली आहे की प्लास्टिकची बाटली सुक्या डब्यात टाकली म्हणजे बरणीत डाळ भरल्याइतकेच पुण्य लागते.

बाटलीचे प्रत्यक्षात काय होते ते पाहू. पाण्याच्या बाटलीला भंगाराच्या धंद्यात, कंपनी कोणतीही असो, ‘बिसलेरी’च म्हणतात. तिचे प्लास्टिक पीईटी या जातीचे, झाकण मात्र दुसऱ्या जातीचे. कारखान्यात दोहोंचा एकत्र चुरा करून तो पाण्यात सोडला की पीईटी तळाशी बसते आणि झाकणाचा चुरा वर तरंगतो. ही निवड किती सहज झाली! पण धुतलेल्या त्या पीईटीची पुन्हा बाटली होणे ही आजवर अपवादाचीच गोष्ट राहिली. बहुतांश माल पॉलिस्टर धागा बनतो. उशीतील भरण, स्वस्त गालिचे, टी-शर्ट यांत तो जातो. टी-शर्टचा पुन्हा टी-शर्ट होत नाही. एक पायरी उतरून घडणाऱ्या या चक्रीकरणाला ‘डाउनसायकलिंग’ म्हणतात. आपण ‘उतरते चक्रीकरण’ म्हणू. कागदाचेही तसेच. प्रत्येक फेरीत त्याचा तंतू आखूड होतो आणि साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर तो कागद धरून ठेवू शकत नाही. वहीचा पुठ्ठा होतो, पुठ्ठ्याचा अंड्यांचा ट्रे, आणि ट्रेच्या पुढे वाट संपते. काच व अ‍ॅल्युमिनियम मात्र कितीही वेळा वितळवले तरी आपला गुण सोडत नाहीत. खनिजापासून नवे अ‍ॅल्युमिनियम काढण्याच्या तुलनेत जुने वितळवण्यास सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. शीतपेयाच्या रिकाम्या डब्यासाठी कचरावेचक वाट वाकडी करतो, त्याचे कारण भंगारवाल्याच्या तराजूत आहे.

बाणांच्या त्रिकोणाचे गौडबंगाल

प्लास्टिकच्या डब्याच्या बुडाशी बाणांचा एक छोटा त्रिकोण आणि त्यात आकडा असतो. त्रिकोण पाहिला की ही वस्तू पुनर्चक्रित होते, असा अर्थ लावला जातो. त्या चिन्हाचा इतिहास मोठा रंजक आहे. १९७० मध्ये, पहिल्या वसुंधरा दिनाच्या सुमारास, अमेरिकेतील एका पुठ्ठा उत्पादक कंपनीने विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा घेतली आणि गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने तीन वळणदार बाणांचे चिन्ह काढून दिले. ते कागदासाठी होते. पुढे १९८८ मध्ये तेथील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने प्लास्टिकची जात ओळखण्यासाठी १ ते ७ आकडे ठरवले आणि ते तसल्याच बाणांच्या त्रिकोणात बसवले. आकडा फक्त जात सांगतो: १ म्हणजे पीईटी, २ म्हणजे तेलाच्या कॅनचे जाड प्लास्टिक, ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे पिशव्यांचे पातळ प्लास्टिक, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ मध्ये थर्माकोल येतो आणि ७ म्हणजे ‘इतर सर्व’. ती वस्तू पुनर्चक्रित होईल की नाही, याबद्दल तो त्रिकोण काहीही सांगत नाही. लोकांचा गैरसमज इतका पक्का झाला की २०१३ मध्ये अमेरिकी मानकातून बाण काढून साधा भरीव त्रिकोण ठेवावा लागला. जुने साचे मात्र अजून चालू आहेत, त्यामुळे बाण भेटतच राहतात.

येथे ‘पुनर्चक्रणक्षम’ आणि ‘पुनर्चक्रित होणारे’ यांतला फरक ध्यानात घ्यावा. थर्माकोल तत्त्वतः वितळवता येतो. पण त्यात सुमारे ९८ टक्के हवाच असते. टेम्पोभर थर्माकोल वाहून नेला तरी हाती काही किलोच लागतात, म्हणून तो कोणी उचलत नाही. वेफर्सच्या पाकिटाची कथा याहून अवघड. त्यात वेगवेगळ्या प्लास्टिकचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे पापुद्रे एकमेकांवर चिकटवलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही. यांना ‘बहुस्तरीय’ वेष्टने म्हणतात. दुकानाच्या बिलाचा गुळगुळीत कागद रासायनिक थर असलेला, कागदी चहाचा पेला आतून प्लास्टिकने मढवलेला. दोन्ही रद्दीतून बाद. या मालाची जबाबदारी ज्याने तो बाजारात आणला त्याच्याकडे जावी, यासाठी नियमांत ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ ही संज्ञा आली. उत्पादकाने जितके प्लास्टिक विकले, त्याच्या ठरावीक प्रमाणात ते परत गोळा करून त्याची विल्हेवाट लावायची, असा तिचा आशय. कागदोपत्री ती चोख आहे. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरील पाकिटांना तिची वार्ता अजून पोहोचलेली दिसत नाही.

कुजणे, विरणे आणि नुसते तुकडे होणे

आता त्या हिरव्या पिशव्यांकडे वळू. बाजारात तीन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात.

पहिला ‘विघटनशील’. ऊन, वारा, उष्णता यांनी वस्तूचे तुकडे होतात, एवढाच त्याचा अर्थ. साध्या प्लास्टिकमध्ये काही रसायने मिसळून ते लवकर ठिसूळ होईल असे करता येते. ‘ऑक्सो-विघटनशील’ पिशव्या त्या याच. पिशवी डोळ्यांआड होते, परंतु प्लास्टिक जात नाही. त्याचे सूक्ष्म कण मातीत आणि पाण्यात मुरतात. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाद्वारे या जातीच्या वस्तूंवर बंदीचा निर्णय घेतला आणि २०२१ पासून ती अमलात आली.

दुसरा ‘जैवविघटनशील’. येथे जीवाणू-बुरशी पदार्थ खातात आणि त्याचे पाणी, वायू व जैविक अंश यांत रूपांतर होते. मात्र या शब्दात किती काळात आणि कोणत्या परिस्थितीत, हे सांगितलेले नाही. सागवानी दरवाजाही जैवविघटनशीलच आहे.

तिसरा ‘कंपोस्टेबल’, म्हणजे खतयोग्य. हाच काय तो मोजमाप असलेला शब्द. भारतात त्यासाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे आणि अशा पिशव्या विकणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. मानकाची अट अशी की सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानात, नियंत्रित ओलाव्यात व हवेत, १८० दिवसांच्या आत पदार्थातील ९० टक्के कार्बनचे कर्बवायूत रूपांतर झाले पाहिजे. शिवाय १२ आठवड्यांनी दोन मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून अधिक तुकडे उरता कामा नयेत. ५८ अंश! हे तापमान मोठ्या खत प्रकल्पातील कचऱ्याच्या राशीत सहज मिळते, आठवडेच्या आठवडे टिकते. आमच्या हौदात तापमापक खुपसून पाहिला तेव्हा तो ३६ दाखवत होता. पिशव्या आपल्या शब्दाला जागल्या होत्या. आम्ही त्यांना जागण्याची जागा दिली नव्हती.

यात आणखी एक पेच आहे. या पिशव्या साध्या प्लास्टिकच्या भंगारात मिसळल्या तर तेथील माल बिघडवतात, कारण त्यांचे गुणधर्म निराळे. म्हणजे घरच्या हौदात त्या कुजत नाहीत आणि भंगारवाला त्या घेत नाही. राज्यात २०१८ च्या मार्चमध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, जूनपासून कारवाई सुरू झाली आणि त्यानंतर पर्याय म्हणून या पिशव्यांचा बोलबाला वाढला. मोठ्या प्रकल्पापर्यंत त्या पोहोचत असतील, तरच तो पर्याय खरा ठरतो. ओल्या कचऱ्याच्या डब्यात पिशवी लावूच नये, तळाशी वर्तमानपत्राचा कागद अंथरावा आणि डबा रोज विसळावा, हा जुना उपाय अधिक खात्रीचा आहे.

कंपोस्ट म्हणजे नेमके काय?

कुजणे दोन प्रकारचे असते, हे एकदा कळले की या विषयातील निम्मे शब्द आपोआप उलगडतात. हवा मिळाली तर प्राणवायूवर जगणारे जीवाणू काम करतात. रास तापते, वास मातीसारखा राहतो, शेवटी कंपोस्ट मिळते. हवा कोंडली तर दुसऱ्या जातीचे जीवाणू ताबा घेतात. मिथेन निघतो, कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटते. गाठ मारलेल्या पिशवीत आमच्या भाजीपाल्याचे हेच झाले होते. हीच दुसरी क्रिया बंद टाकीत मुद्दाम घडवली की तिला ‘बायोमिथेनेशन’ म्हणतात आणि मिळणारा वायू जाळता येतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला ‘निसर्गऋण’ प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. त्याला कचरा अगदी निवडलेला लागतो. चमचा, पिशवी, करवंटी आत गेली की यंत्र अडते.

कंपोस्टच्या पुस्तकांत ‘हिरवे’ आणि ‘तपकिरी’ असे दोन वर्ग भेटतात. येथेही रंग फसवतो. हिरवे म्हणजे नत्रयुक्त: भाजीचे देठ, फळांच्या साली, चहापत्ती, शेण. चहापत्ती आणि शेण रंगाने तपकिरी असूनही हिरव्यात. तपकिरी म्हणजे कर्बयुक्त: वाळका पाला, भुसा, नारळाचा भुगा, पुठ्ठ्याचे तुकडे. जीवाणूंना ऊर्जेसाठी कर्ब आणि शरीर बांधण्यासाठी नत्र लागते. दोहोंचे प्रमाण साधारण तीसास एक असावे, त्यालाच ‘कर्ब-नत्र गुणोत्तर’ म्हणतात. स्वयंपाकघरातील कचऱ्यात नत्र अधिक, पाणी अधिक. म्हणून नुसता तोच टाकला तर लगदा होतो आणि अमोनियाचा डोळ्यांत झोंबणारा वास येतो. एक तसराळे भाजीच्या कचऱ्यावर दीड-दोन तसराळी वाळका पाला, हा ढोबळ हिशेब पुरतो. ओलावा किती, याची कसोटी हाताने घ्यावी. मूठभर माल दाबला असता हात ओलसर व्हावा, पण थेंब गळू नये. ज्या शहरात फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्तोरस्ती पाला जाळला जातो आणि त्याच शहरातील सोसायट्या तपकिरी माल म्हणून नारळाच्या भुग्याच्या विटा विकत आणतात, त्या शहराच्या हिशेबात कोठेतरी चूक आहे, असे आम्हाला वाटते.

‘विरजण’ किंवा ‘कल्चर’ हा शब्दही ऐकू येतो. दुधाला विरजण लावतात तसे कचऱ्याला जीवाणूंचे लावायचे. ते विकत मिळते. पण मूठभर तयार खत, आंबट ताक किंवा शेणकाला तेच काम करतो. हौदात पांढरी बुरशी दिसली की अनेक जण घाबरतात; ती कामालाच आलेली असते.

ही विद्या परकी मानण्याचे कारण नाही. आधुनिक कंपोस्टशास्त्राचा एक पाया इंदूरला घातला गेला. तेथील संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर रचून, ठरावीक दिवसांनी ते पालटून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. १९३१ मध्ये त्यावरील पुस्तक निघाले, तेव्हा त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव सहलेखक म्हणून होते. जगभर ही पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. वाडांचे नाव मागे राहिले. दुसरा शब्द ‘नाडेप’. तो कोणत्याही परदेशी संज्ञेचा संक्षेप नाही. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे शेतकरी ना. दे. पांढरीपांडे यांच्या नावातील ही अक्षरे आहेत. भिंतींत जागोजागी भोके ठेवलेला विटांचा हौद ही त्यांची योजना. हवा भोकांतून खेळते, त्यामुळे थर पालटण्याचे कष्ट वाचतात आणि थोड्या शेणात पुष्कळ खत होते. आमच्या सोसायटीचे हौद चारही बाजूंनी सिमेंटने लिंपलेले आहेत. कंत्राटदाराने ते नीटनेटके दिसावेत म्हणून तसे केले होते.

‘गांडूळखत’ याहून वेगळे. त्यात रास तापू द्यायची नसते. ३५ अंशांपुढे गांडुळे तग धरत नाहीत. म्हणून कचरा आधी पंधरा-वीस दिवस अर्धवट कुजवून, थंड झाल्यावर गांडुळांपुढे ठेवतात. लिंबाच्या साली, मीठ आणि तेल त्यांना सोसत नाही. लोणचे त्यांच्या वाफ्यात टाकू नये, हे वेगळे सांगायला नको.

खत तयार झाले हे कसे ओळखावे? रास पालटूनही पुन्हा तापत नाही, मूळ वस्तू ओळखू येत नाहीत, आणि वास पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा येतो. शंका असल्यास त्यात मेथीचे दाणे पेरावेत. चार-पाच दिवसांत उगवले नाहीत, तर खत अजून कच्चे आहे. कच्चे खत कुंडीत घातल्यास ते मातीतील नत्र ओढून घेते आणि रोप पिवळे पडते.

या कसोटीवर ‘चोवीस तासांत खत’ देणारी यंत्रे घासून पाहण्यासारखी आहेत. कचरा दळायचा आणि तापवून वाळवायचा, हे काम यातील अनेक यंत्रे चोख करतात. बाहेर पडणारा तपकिरी भुगा दिसायला खतासारखा असतो. तो वाळवलेला कचरा आहे, कंपोस्ट नव्हे. पाणी लागले की तो नव्याने कुजू लागतो. त्याचा उपयोग नाही असे नाही. तोच भुगा हौदात घालून महिना-दीड महिना मुरवला तर उत्तम खत होते. पण मग विजेचे बिल कशासाठी भरले, हा प्रश्न समितीने यंत्र घेण्यापूर्वी विचारावा.

डेपोच्या वाटेवरचे शब्द

घरी-दारी जे जिरले नाही, ते डेपोत जाते. ‘कचरा डेपो’, ‘डम्पिंग ग्राउंड’ आणि ‘शास्त्रोक्त भूभरण’ हे तिन्ही शब्द बातम्यांत एकाच जागेसाठी येतात. भूभरणाच्या तळाशी अभेद्य अस्तर असते, सांडपाणी गोळा करण्याची नळयोजना असते, रोज मातीचा थर पसरतात. डेपोत यांतले काही नसले तरी चालते. तेथे कचरा ओततात. कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याला ‘लिचेट’ म्हणतात आणि त्याचा जन्म मुख्यतः ओल्या कचऱ्यातूनच होतो. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या विहिरींचे पाणी बिघडले, ही तेथील ग्रामस्थांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. कचऱ्याच्या गाड्या अडवून त्यांनी ती पुणेकरांच्या दारापर्यंत आणली. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. राशीच्या पोटात हवेविना कुजणारा कचरा मिथेन सोडतो आणि असा वायू आग धुमसत ठेवायला पुरेसा असतो.

‘बायोमायनिंग’ म्हणजे अशी जुनी रास खणून, चाळून, माती, दगड, प्लास्टिक वेगळे काढणे. मुलुंडची क्षेपणभूमी २०१८ मध्ये बंद झाल्यावर तेथे हेच काम हाती घेण्यात आले. चाळणीवर उरलेल्या जळाऊ मालाला ‘आरडीएफ’ म्हणजे कचऱ्यापासूनचे इंधन म्हणतात. सिमेंटच्या भट्ट्यांत ते कोळशाबरोबर वापरले जाते. सारा कचरा जाळून वीज करावी, असे सुचवणाऱ्यांनी दिल्लीतील तिमारपूरचा प्रकल्प आठवावा. १९८७ मध्ये तो उभा राहिला आणि काही आठवड्यांतच थंडावला, कारण आलेल्या कचऱ्यात जळण्याजोगा भाग फार थोडा होता. आपल्या शहरांच्या कचऱ्यात ओल्याचा वाटा निम्म्याच्या घरात असतो. ओले सुक्यातून निवडल्याशिवाय आग धरत नाही, हे चूल पेटवलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

आमच्या हौदाविषयी. भिंतीला छिन्नीने चौदा भोके पाडून घेतली. समोरच्या रस्त्यावरील पाला गोण्यांत भरून ठेवतो. दुसरी खेप जानेवारीत उपसली, तेव्हा ताईंनी ओंजळभर खत समितीच्या बैठकीत आणून टेबलावर ठेवले. वास घेण्यास आरंभी कोणी धजले नाही, मग सगळ्यांनी घेतला. फलकावरील जुनी सूचना चिटणीसांनी बदलली. आता तेथे ‘ओला कचरा’ याखाली कंसात ‘कांद्याची सालेसुद्धा’ असे लिहिले आहे. त्या हिरव्या पिशव्यांची न उघडलेली तीन पाकिटे मात्र कार्यालयाच्या कपाटात पडून आहेत. दुकानदार ती परत घेत नाही, हौदात ती चालत नाहीत आणि भंगारवाल्या काकांनी ती हातात घेऊन, उलटीपालटी करून, परत दिली.